हवेतल्या विमानाचा पंखा फिरताना दाखवायचा कसा? (डकोटा, १/७२, घरचा गणपती)

उडता_कागद | १४ जुलै, रात्री ११:५२

मंडळी, प्रश्न बारीकसा आहे पण तीन आठवडे डोक्यात भुंगा आहे म्हणून धागा काढतोय.

यंदा घरच्या गणपतीला नेहमीचं मखर नको असं ठरलं आणि मी उत्साहाच्या भरात श्रीनगरची धावपट्टी करतो म्हणून बसलो. २७ ऑक्टोबर १९४७, दिल्लीहून डकोटा विमानं पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन उतरली ती सकाळ. मागे डोंगर, मध्ये बाप्पा, पुढे धावपट्टी. १/७२ ची दोन डकोटा आहेत, एक उभं आणि दुसरं चाकं खाली काढून उतरायच्या बेतात, हवेत. ज्यांना १/७२ म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी, खऱ्यातले सहा फूट म्हणजे इथला एक इंच. डकोटा ९५ फूट रुंद त्यामुळे मॉडेल ४० सेंमी भरतं, दोन विमानं ठेवली की टीपॉय संपला.

हवेतलं विमान पितळी नळीवर बसवून पाहिलं. लेक (वय सहा) आली, बघितलं आणि म्हणाली, "बाबा याचा पंखा बंद आहे, मग हे पडत का नाही?"

तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नाहीये. ओएचपी शीटची (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) गोल चकती कापून लावली तर इंजिनाला पापड चिकटवल्यासारखं दिसतं. पाती काढून टाकली तर मुंज झाल्यासारखं. मोटर लावायचा विचार आहे पण धीर होत नाही. कोणी केलंय का? नेमकं काय केलं?

बाळबोध | १४ जुलै, रात्री ११:५८

पंखा बंद आहे कारण लोडशेडिंग.

टोचणी | १५ जुलै, सकाळी ७:१०

लेक हुशार आहे, आईवर गेली असावी. पण आधी एक सांगा, धाग्यात 'पंखा', 'पंख' आणि 'पाती' हे तिन्ही शब्द येणार आहेत आणि शंभराव्या प्रतिसादापर्यंत सगळे एकमेकांत गुंतणार आहेत. पंख म्हणजे विंग आणि पंखा म्हणजे प्रॉपेलर असं आत्ताच ठरवून टाका.

उडता_कागद | १५ जुलै, सकाळी ८:०२

ठरलं. पातीच्या भाजीवर कोणी येऊ नये.

तिरकस | १५ जुलै, सकाळी ९:३५

मी वीस वर्षं मॉडेलं करतोय, कटू बोलतो म्हणून सोडून द्या. फिरता पंखा दाखवायला जाऊ नये. मॉडेल म्हणजे थांबलेली वस्तू. चाकं खाली, जमिनीवर उभं, पाती दिसतायत, संपला विषय. हवेतलं विमान करायचंच असेल तर जेट करा. फिरत्या पंख्यासारखे दिसणारे पितळेचे ते कोरलेले रेडिमेड ब्लर मिळतात, प्लास्टिकची चकती मिळते, सगळं वापरून झालंय, फोटोत बरं दिसतं, कपाटात ठेवलं की सीडी लटकवल्यासारखं दिसतं.

रेवती_शनिवार | १५ जुलै, सकाळी १०:२०

तिरकसरावांशी असहमत. "थांबलेली वस्तू" हे मान्य, पण कशाची थांबलेली? डोळ्याला दिसतं त्याची, का कॅमेऱ्याला दिसतं त्याची? हे आधी ठरवल्याशिवाय सगळे उपाय फसणार.

मी फोटोग्राफी करते, विमानांची नाही, लग्नांची, पण गणित तेच. डकोटाचं इंजिन क्रूझला, म्हणजे एका संथ वेगाने उडताना, साधारण २०५० आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) असतं, पण मधे १६:९ चा गिअर आहे त्यामुळे पंखा ११५० च्या आसपास फिरतो. म्हणजे सेकंदाला १९ फेऱ्या, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६९०० अंश. आता कॅमेऱ्याचं शटर १/१००० ठेवलं, म्हणजे सेकंदाचा हजारावा भागच उघडं, तर तेवढ्या वेळात पातं ७ अंश सरकतं, फोटोत पंखा थांबलेला दिसतो, जरा टोकं पुसट. १/१२५ ला ५५ अंश, म्हणजे प्रत्येक पात्याची छान पसरट पाकळी. १/६० ला ११५ अंश. पाती तीन आणि दोन पात्यांत अंतर १२० अंश, म्हणजे जवळजवळ पूर्ण चकती.

तेव्हा नुसती एकसारखी गोल पारदर्शक चकती लावली की पापड दिसणारच. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात उडत्या विमानाचं चित्र फोटोतून आलंय आणि चांगला फोटोग्राफर १/१२५ किंवा १/२५० ला काढतो. चकतीवर तीन पाकळ्यांची सावली हवी, एका कडेला गडद आणि दुसरीकडे विरत जाणारी.

कसबा_पेठी | १५ जुलै, सकाळी १०:४१

दंडवत ताई. लग्नाच्या फोटोत आमचा सीलिंग फॅन कसा काय गोठलेला येतो ते आज कळलं.

गणिती_मावशी | १५ जुलै, दुपारी १२:१५

रेवती, भर घालते. चकती मध्यापासून कडेपर्यंत एकसारखी गडद नसते. समजा आतल्या बाजूला, केंद्रापासून अर्ध्या मीटरवर पातं २५ सेंमी रुंद आहे. तिथला परीघ सव्वातीन मीटरच्या आत, तीन पाती मिळून ७५ सेंमी, म्हणजे जवळपास चौथा भाग पात्यांनी भरलेला. कडेला १.६ मीटरवर परीघ दहा मीटर आणि पातं १५ सेंमी धरलं तर तिन्ही मिळून ४५. साडेचार टक्के. म्हणून फिरता पंखा मध्याशी धुरकट आणि कडेला जवळजवळ अदृश्य असतो. एअरब्रशने मधून बाहेर विरत न्यायचं, उलट नाही. बहुतेक जण कडा गडद करतात कारण कापलेली कडा झाकायची असते.

अण्णा_जोरहाट | १५ जुलै, दुपारी ४:३०

मावशी, हिशोब बरोबर पण एक गोष्ट राहिली. पातं पिळलेलं असतं. मुळाशी त्याची धार जवळजवळ समोर असते, त्यामुळे समोरून बघणाऱ्याला मुळाजवळ रुंदी निम्मीच दिसते. तुमचे २५ टक्के तिथे १२-१३ धरा. विरत जातं हे खरं, पण तुम्ही म्हणता तेवढं नाही.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, जोरहाटला डकोटावर बरीच वर्षं काढली. डोळ्याला काय दिसतं ते सांगतो. आयडलला, म्हणजे इंजिन उभ्या उभ्या नुसतं चालू असताना, पंखा सेकंदाला पाच-सहा फेऱ्याच घेतो, तेव्हा चकती दिसत नाही, पाती फडफडताना दिसतात, लुकलुक. थ्रॉटल पुढे गेला की फडफड मिटते आणि पंखा 'नाहीसा' होतो. राहतं ते फक्त पिवळं कडं. पात्यांची टोकं चार इंच पिवळी रंगवलेली असतात ना, ती याचसाठी, की माणसाला कुठून पुढे जायचं नाही ते कळावं. लहानपणी भोवऱ्यावर खडूचा ठिपका काढून फिरवला असेल तर ठिपक्याचं कडं होतं ते आठवा. पात्यांची मागची बाजू काळी मॅट असते, पायलटच्या डोळ्यावर चमकू नये म्हणून. तुमच्या लेकीला चकती नको, कडं दाखवा.

आणि जमिनीवरच्या विमानाबद्दल. दोन्ही इंजिनांची पाती एकाच कोनात थांबवू नका. अशी कधी थांबत नाहीत. रेडियल इंजिन (ज्यात सिलिंडर गोलाकार लावलेले असतात) सुरू करायच्या आधी आम्ही पंखा हाताने फिरवून घ्यायचो, खालच्या सिलिंडरात तेल उतरून बसतं ते निघावं म्हणून. जिथे सोडला तिथे राहतो. नव्वद टक्के मॉडेलांत दोन्हीकडे एक पातं बरोब्बर वर उभं असतं, बघितलं की हात शिवशिवतात.

उडता_कागद | १५ जुलै, संध्याकाळी ६:१२

अण्णा साष्टांग नमस्कार. माझ्या उभ्या विमानाची चारही... नाही, दोन्हीकडची वरची पाती बरोब्बर वर आहेत. आत्ता जाऊन फिरवतो.

तिरकस | १५ जुलै, संध्याकाळी ६:३०

माझ्या कपाटात अकरा दुइंजिनी विमानं आहेत. काय बोलणार.

टोचणी | १५ जुलै, संध्याकाळी ६:३३

वीस वर्षं, नाही का.

नथीचा_आकडा | १५ जुलै, रात्री ९:०५

मला विमानातलं ओ की ठो कळत नाही पण फिरतं चक्र कसं दाखवायचं हा प्रश्न आपल्याकडे कॅलेंडरवाल्यांनी कधीच सोडवलाय की. कृष्णाच्या बोटावरचं सुदर्शन आठवा. बाहेर एक झगझगीत कडं, आत बारीक गोल रेघा, मध्ये काहीच नाही. अण्णा म्हणतायत तेच. तुळशीबागेत ऑर्गंझाचं कापड मिळतं, एकदम झिरझिरीत राखाडी, त्याची चकती बारीक तारेच्या कड्यावर ताणून बघा, प्लास्टिकसारखी चमकणार नाही. कडं पिवळ्या दोऱ्याचं.

रेवती_शनिवार | १५ जुलै, रात्री ९:२०

ही आयडिया भारी आहे. फक्त कापडाचे उभे-आडवे धागे दिसतील. दोन थर लावू नका, जाळीवर जाळी आली की लाटा उमटतात.

पर्वती_पायथा | १६ जुलै, सकाळी ८:४५

ओएचपीवाल्यांसाठी माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी एक स्पिटफायर हवेतलं केलं. पंखा पावणेअकरा फुटी म्हणजे १/७२ ला ४५ मिमी (डकोटाचा ४९ भरेल). चकती कर्कटकाला ब्लेड बांधून कापली. कात्रीने कापू नका, कडेला कोपरे पडतात आणि मग तेच दिसत राहतात. मधे टाचणी घालून ती टाचणी हँड ड्रिलमध्ये धरली, हळू फिरवली आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर नुसता टेकवला, दोन सेकंद. गोल गोल बारीक रेघा येतात आणि चमक जाते. मग काळी पेन्सिल किसून तो भुगा कापसाने मधून बाहेर.

इथपर्यंत उत्तम झालं. मग मला अवदसा आठवली आणि वरून मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला. जुलै महिना, बाहेर धो धो, गॅलरीत उभा राहून. पाच मिनिटांत सगळं पांढरं धुकं. ज्यांनी पावसाळ्यात स्प्रे मारलाय त्यांना माहितीये, हवेतलं बाष्प रंगात बसतं. पंखांवरचा थर खरवडून काढावा लागला, रडायचा बाकी होतो. चकती मात्र... मंडळी, चकती अशी सुंदर झाली की पुन्हा तशी कधीच जमली नाही. बरोब्बर धूसर, चमक शून्य. डिसेंबरमध्ये मुद्दाम किटलीच्या वाफेसमोर धरून प्रयत्न केला. नाही जमलं.

बाळबोध | १६ जुलै, सकाळी ९:००

म्हणजे पाऊस हवा. वरुणयंत्र करा, आपलं, वरुणयाग.

खडकी_कॅन्टीन | १६ जुलै, सकाळी ११:२८

एक आगाऊ सूचना. चकती फेविक्विकने चिकटवू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते. मी एकदा कॉकपिटची काच चिकटवली, आतला पायलट मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो अजून. साधा पांढरा फेविकॉल घ्या, वाळला की दिसत नाही.

जुना_बाजार | १७ जुलै, रात्री १०:५०

अवांतर: डकोटा किट कुठे मिळालं? आणि एवढं सगळं करतायत तर कोणी एचटी-२ का करत नाही? पूर्णपणे आपलं विमान, १९५१ ला उडालं, डिझाइन डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं, कोल्हापूरकडचा माणूस, जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या नावाजलेल्या वायुगतीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला. दोन पात्यांचा पंखा, एक इंजिन, काम सोपं. आपण मात्र स्पिटफायर शंभर वेळा करतो.

तिरकस | १७ जुलै, रात्री ११:१५

कारण स्पिटफायरचं किट डबा उघडला की तयार. मी एचटी-२ लाकडात कोरायला घेतलं होतं, अर्धं पडलंय. पण मुद्दा पटला. दोन पात्यांचा पंखा फिरताना दाखवणं सोपं नाही उलट अवघड आहे, रेवतीताईंच्या हिशोबाने पाकळी १८० अंशांत पसरायला हवी.

रेवती_शनिवार | १७ जुलै, रात्री ११:२१

अरे वा, तिरकसराव चकतीच्या गणितात उतरले!

तिरकस | १७ जुलै, रात्री ११:२३

मी फक्त गणित केलं. चकती लावणार नाही.

सिंहगड_एक्स्प्रेस | १९ जुलै, दुपारी १:४०

मुलांना (आणि तुम्हा सगळ्यांना) एकदा कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वेला घेऊन जा. तिथे सगळं खरोखर हलतं. देखाव्यात लोक हलणारं बघायला येतात. पुण्यात गणपतीत रांग कुठे लागते? जिथे देखावा हलतो तिथे. थांबलेल्या चकतीवर पाकळी एका बाजूला विरलेली आहे हे आरतीला आलेल्या काकूंना दिसणार आहे का? मोटर लावा.

उडता_कागद | १९ जुलै, रात्री ११:०५

इथेच मी फसलोय. दोन्ही बाजू पटतात. मोटर आणली आहे, उद्या प्रयोग.

उडता_कागद | २१ जुलै, रात्री १२:३०

प्रयोगाचा अहवाल. बुधवार पेठेतून छोट्या ड्रोनच्या मोटरी आणल्या, ७ मिमी जाड, इंजिनाच्या आवरणात आरामात जातात. लेकीला आणि बायकोला समोर बसवलं, पडदा वर करतात तशा थाटात बटण दाबलं.

आवाज डासासारखा. डासासारखा म्हणजे कानाशी आलेल्या डासासारखा. विमान नळीवर थरथरायला लागलं आणि मी बंद करेपर्यंत उजव्या पंख्याचं एक पातं सुटून गेलं. कुठे गेलं माहीत नाही. टप् असा आवाज आला फक्त. सोफा हलवला, गालिचा झटकला, सहा वर्षांच्या मुलीने पोटावर झोपून फ्रीजखाली टॉर्च मारला. नाही. देवाची कृपा की कोणाच्या डोळ्यात नाही गेलं.

भोसरीचा_फिटर | २१ जुलै, सकाळी ६:५०

अहो राव काय करताय! ड्रोनची मोटर मिनिटाला हजारोंनी फिरती, तुमचा पंखा प्लास्टिकचा अन् हातानं चिकटवलेला. एन-२० गिअर मोटर घ्या, १००० आरपीएम वाली मिळती बुधवारातच, १० बाय १२ मिमीची असती, आवरणात बसंल. खरा पंखाच जर अकराशेनं फिरतोय तर तुम्हाला दहा हजार कशाला पाहिजेत? स्पीड छोटा होत नसतो राव, विमान छोटं होतं.

शाफ्ट ३ मिमी असतो, तेवढं भोक पंख्याच्या मधोमध पाडा पण ड्रिलनं नका पाडू, बारीक ड्रिल बिट पिन व्हाइसमधी (हातानं फिरवायची छोटी पकड) धरून हातानं पाडा. सेंटर हललं की वॉबल आलाच. अन् पहिल्यांदा चालू करताना चष्मा.

अण्णा_जोरहाट | २१ जुलै, सकाळी ७:३०

फिटर फिटरच्या मदतीला आला, बरं वाटलं. "स्पीड छोटा होत नसतो" हे लाख बोललात. हिशोब केला तर १००० ला तीन पाती म्हणजे डोळ्यासमोरून सेकंदाला ५० पाती जातात, तिथे फडफड मिटायला लागते. पुरे आहे.

एक लक्षात ठेवा. डकोटाचे दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात. पायलटच्या जागेवरून घड्याळाच्या दिशेने, समोरून बघाल तर उलट. दोन्ही मोटरींच्या वायरी सारख्याच जोडा, शोभेसाठी आरशातल्यासारखं करू नका.

उडता_कागद | १८ ऑगस्ट, रात्री १०:४०

गायब होतो, क्षमस्व. ऑफिस आणि डोंगर (कागदाच्या लगद्याचा, वाळतच नव्हता). फिटरदादा, एन-२० बसल्या. आवाज घरघर असा येतो पण तो जरा विमानासारखाच वाटतो. वायरी पितळी नळीतून खाली. पात्यांची टोकं पिवळी केली, दीड मिमी, मागची बाजू काळी. आणि अण्णा, कडं दिसतं! खरंच दिसतं. पाती नाहीशी आणि हवेत एक फिकट पिवळी रेघ गोल. मी वीस मिनिटं नुसता बघत बसलो, बायकोने येऊन लाइट घालवला.

आता नवीन भूत. मखराला एलईडीची माळ लावली, मोठा दिवा बंद केला, आणि पंखा थांबला. म्हणजे घरघर चालू, मोटर चालू, पण तीन पाती स्वच्छ दिसतायत, अगदी हळू सरकतायत. मला वाटलं गिअर सुटला म्हणून बोट लावलं तर फाट् करून लागलं. मग ट्यूब लावली तर सहा पाती! पुसट, पण सहा. मी काही घेतलेलं नाही.

कसबा_पेठी | १८ ऑगस्ट, रात्री १०:४४

बाप्पाने दृष्टांत दिला, तीनाची सहा.

भोसरीचा_फिटर | १९ ऑगस्ट, सकाळी ६:४५

बोट घालू नका!!! आमच्या कारखान्यात याच्यासाठी बोर्ड लावलेला असायचा.

हे लेथवाल्या कुठल्याबी माणसाला विचारा. चोकवाली ट्यूब सतत पेटलेली नसती, आपली लाइन ५० हर्ट्झ, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकती. डोळ्याला कळत नाही. पण लेथचा चक तीन जॉचा, तुमच्या पंख्यासारखाच. तो बरोब्बर २००० आरपीएमला आला की सेकंदाला शंभर जॉ जातात, दर लुकलुकीला पुढचा जॉ आधीच्या जागेवर, अन् चक थांबल्यासारखा दिसतो. नवीन पोरगं हात घालायचं. म्हणून शेजारशेजारच्या ट्यूबा वेगळ्या फेजवर टाकायच्या, नायतर मशीनवर पिवळा बल्ब.

तुमचा पंखा १००० ला, म्हणजे सेकंदाला ५० पाती. ट्यूब शंभर वेळा पेटती म्हणजे एक लुकलुक पात्याच्या जागेवर अन् एक मधल्या मोकळ्या जागेत. तीनाची सहा झाली. अन् तुमची माळ स्वस्तातली असणार, ती अर्धीच लाट घेती, सेकंदाला ५०. म्हणून तिथं तीनच दिसतात, उभी. मोटर बरोबर हजाराला नसती, जराशी कमीजास्त, म्हणून हळू सरकताना दिसती.

उपाय सोपा. माळ काढा, १२ व्होल्टची एलईडी पट्टी चांगल्या अडॅप्टरवर लावा. डीसीला लुकलुक नाही. नायतर मोटर जरा वर न्या, ११५० ला, रेवतीताईंच्या हिशोबावर.

रेवती_शनिवार | १९ ऑगस्ट, सकाळी ८:१५

वाचनखूण साठवली. आणि थांबा, हे फारच मस्त आहे. म्हणजे माळेच्या उजेडात डोळ्याला तेच दिसलं जे कॅमेऱ्याला १/१००० ला दिसतं.

गणिती_मावशी | १९ ऑगस्ट, दुपारी १:०५

फिटरदादा, बारावीला प्रकाशाचा धडा शिकवायला या. पोरं झोपणार नाहीत.

टोचणी | १९ ऑगस्ट, दुपारी १:२०

एकाने 'पंखा फिरताना कसा दाखवायचा' म्हणून धागा काढला आणि खरा पंखा खराच फिरवला तर तो थांबलेला दिसला. आता चकतीच लावा.

पर्वती_पायथा | १९ ऑगस्ट, दुपारी १:५०

मी कधीचं सांगतोय.

उडता_कागद | पहिल्या दिवशीची आरती झाल्यावर, रात्री ११:१०

मंडळी, गणपती बाप्पा मोरया! व्हिडिओ टाकतोय. पट्टी लावली डीसीची, मोटरींचं व्होल्टेज जरा वाढवलं. सगळे येणारे आधी विमान बघतायत मग बाप्पाला नमस्कार, त्यावरून आईची बोलणी खाऊन झाली. लेक प्रत्येकाला सांगते, "पंखा चालू आहे म्हणून पडत नाहीये." नळी दिसते ती कोणाला दिसतच नाही.

अण्णा_जोरहाट | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:२०

व्हिडिओ पाहिला. डोंगर उत्तम, उभ्या विमानाची पाती उत्तम. पण चिरंजीव, डाव्या इंजिनाचा पंखा उलटा फिरतोय. वायरी बघा. मी जुलैमध्येच सांगितलं होतं.

उडता_कागद | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:४०

अण्णा, शपथेवर सांगतो, दोन्ही सारख्याच फिरतायत. पिसाचा तुकडा धरून वारा कुठे जातो तेही बघितलं, दोन्हीकडे मागेच जातो. व्हिडिओत मलाही डावा उलटा दिसतोय. कळत नाहीये.

तिरकस | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:०५

पुन्हा तेच भूत, या वेळी मोबाइलमधलं. व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं. तीन पात्यांचा पंखा बरोब्बर १२०० ला असेल तर दोन चित्रांच्या मधे नेमकी दोन पाती सरकतात, थांबलेला दिसेल. तुमची डावी मोटर ११८० ला असेल, दर चित्राला किंचित कमी पडतंय, म्हणून मागे जाताना दिसते. उजवी १२२० ला, किंचित पुढे. प्रत्यक्षात दोन्ही एकाच दिशेला. फिटरदादा, बरोबर ना?

भोसरीचा_फिटर | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:२०

एकदम बरोबर. या की राव भोसरीला, नोकरी देतो.

टोचणी | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:३१

तिरकसराव, एचटी-२ ला मोटर कधी?

तिरकस | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:५०

एन-२० कोणत्या दुकानात मिळाली तेवढं व्यनि (खाजगी निरोप) करा.

अण्णा_जोरहाट | दुसऱ्या दिवशी, सकाळी ९:१५

हिशोब कळला, पण मी डोळ्याने बघितल्याशिवाय मानणार नाही. संध्याकाळच्या आरतीला येतो. मोबाइल घरी ठेवून येतो.

उडता_कागद | दुसऱ्या दिवशी, सकाळी ९:२२

या अण्णा, वाट बघतो. पत्ता व्यनि केलाय. फक्त निघताना चपला झटकून घाला, ते जुलैतलं पातं अजून सापडलेलं नाही.